खुर्चीतून उठताना

डिमेन्शिया झालेल्या आजींना खुर्चीतून उठवणं लांबून पाहिलं तर क्षणाचं काम वाटतं. जवळून पाहिलं की त्यातल्या पायऱ्या दिसतात. सांभाळणारी मावशी आधी समोर येते आणि वाकून आजींच्या नजरेला नजर देते, कारण मागून हाक आली की आजी दचकतात. मग पावलं मागे, गुडघ्यांच्या खाली. हात खुर्चीच्या दांड्यांवर. अंग पुढे. दर पायरीला एकच छोटं वाक्य, आणि मग थांबणं. सगळं एका दमात सांगितलं, तर शेवटचा शब्द येईपर्यंत पहिला निसटलेला असतो. आजींना वेळ लागला तरी काखेत हात घालून ओढायचं नसतं. खांदा दुखावतो, आणि पुढच्या वेळी त्या स्वतःहून उठायला बघतच नाहीत.

वृद्धनिवासातला व्यायाम म्हणजे बहुतांशी हेच: उठणं, बसणं, कठडा धरून उभं राहणं, चार पावलं चालणं, फुगा टोलवणं.

वसई तालुक्यातल्या नायगावपासून थोड्या अंतरावर, नालासोपारा पश्चिमेला राजोडीत, सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेने ‘ए-वन स्नेहांजली’ हे असंच एक निवासी केंद्र उभं केलं. शैलेश मिश्रा यांनी 2008 मध्ये ही संस्था सुरू केली. अशा केंद्रांची गरज केवढी आहे, हे एका आकड्यावरून कळतं: भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे.

व्यायामाने स्मृती परत येते का? घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या ‘डापा’ चाचणीचे निष्कर्ष आले. 494 रुग्णांपैकी काहींना चार महिने चांगला घाम निघेल असा व्यायाम दिला होता. त्यांच्या अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही. स्वीडनमधल्या उमेओ शहरात तर वृद्धनिवासांतल्याच 186 जणांवर अभ्यास झाला. सरासरी वय 85. चार महिन्यांच्या व्यायामानंतर त्यांचा तोल सुधारला होता; व्यायाम थांबल्यावर तीन महिन्यांनी हा फायदा ओसरला.

म्हणजे मोजायचं ते पायांत. स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जाता येणं ही या वयात फार मोठी गोष्ट आहे. त्यात माणसाची अब्रू राहते, आणि सांभाळणाऱ्याची कंबरही.

पडतील या भीतीने पुष्कळ ठिकाणी रुग्णांना दिवसभर बसवून ठेवतात. भीती खोटी नाही. पण बसून बसून मांड्या वाळतात, आणि मग रात्री लघवीला एकट्याने उठताना माणूस कोलमडू शकतो. त्यापेक्षा ढिली चप्पल बदलावी, लादी कोरडी ठेवावी, रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. काही जणांना संध्याकाळी अस्वस्थता वाढते. त्यांच्यासाठी सकाळची वेळ बरी. एरवी उठणारे काका अचानक नकार देऊ लागले तर ‘हट्टी झालेत’ म्हणण्याआधी गुडघा सुजलाय का ते पाहावं. दुखतंय हे शब्दांत सांगणं त्यांना जमत नसतं.

हालचाल अंगवळणी पडलेली असेल तर सूचनेचीही फारशी गरज लागत नाही. नायगावच्या जूचंद्रची रांगोळी प्रसिद्ध आहे. आयुष्यभर रांगोळी काढलेल्या बाईला ‘हात पुढे करा’ हे कळेलच असं नाही. पण टेबलावर रांगोळीची वाटी ठेवली, तर चिमूट भरली जाण्याची शक्यता खूप. नाव-गाव विसरलं तरी हाताची सवय बरीच उशिरा जाते. ज्याची हयात मिठागरात किंवा होडीवर गेली, त्याच्यासाठी वेगळी वस्तू शोधावी लागते. त्यासाठी त्याचं आयुष्य घरच्यांकडून विचारून घ्यावं लागतं, आणि दाखल करतानाच्या फॉर्मवर औषधांच्या यादीइतकीच जागा या माहितीला हवी.

निवास पाहायला जाणाऱ्या घरच्यांनीही जेवणाखाण्याबरोबर इतकं विचारावं: इथे माणसाला दिवसातून किती वेळा उभं करतात, ते काम कोण करतं, आणि रविवारी कोण करतं?