३१५ कोटी बिनजोड आणि एक कासरा

कल्याणहून मलंगगडाच्या रस्त्याला लागलं की आडिवली-ढोकळी, द्वारली, नेवाळी अशी गावं लागतात. वीस-वीस मजली इमारती आणि त्यांच्या सावलीत अजून टिकलेले गोठे. इथे शाळकरी पोरालाही मथुर कोण ते सांगावं लागत नाही. मथुर हा आडिवलीचा बैल. दोनच गाड्यांच्या बिनजोड शर्यतीत त्याने नाव कमावलं, आणि त्याच्या नावाचे स्टेटस लागतात. बकासुर या बैलाचं नाव घाटावरून इथवर पोचलेलं आहे, पनवेलकडच्या बादलच्या किमतीच्या गप्पा अजून रंगतात. पण या बैलांच्या मागे, छकड्यावर, कासरा धरून कोण होता असं विचारलं, की बोलणारा माणूस जरा अडखळतो. मग कुणी एक नाव घेतो, शेजारचा दुसरं घेतो, आणि दोघांचं पटत नाही. पटायला आधार काय? गुलाल बैलावर पडतो, ढाल मालक घेतो. हाकणाऱ्याच्या नावाचं खातं कुठेच नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात घोड्याला दोनचाकी सल्की जुंपून शर्यती होतात. तिथे मात्र प्रत्येक हाकणाऱ्याची प्रत्येक धाव लिहिली जाते. अंतर जवळजवळ नेहमी एक मैल. घोड्याने चौखूर उधळायचं नाही, ठरलेल्या चालीतच पळायचं. चाल मोडली तर हाकणाऱ्याने घोडा आवरून बाजूला घ्यायचा, मग भले शर्यत हातची जावो. थोडक्यात, तिथे उधळू पाहणाऱ्या घोड्याला उधळू न देता पहिला आणायचं कसब लागतं. आणि या कसबाची वही शंभर टक्के भरलेली आहे. त्या वहीतले आकडे मात्र पचायला जड जातात.

हर्व्हे फिलिऑन हा क्वेबेकचा शेतकऱ्यांच्या घरातला माणूस, जन्म १९४०. त्याने आयुष्यात १५ हजारांहून जास्त शर्यती जिंकल्या. भाग घेतला नव्हे, जिंकल्या. एक मैल म्हणजे १,६०९ मीटर. १५ हजार मैल म्हणजे २४ हजार किलोमीटरच्या वर. कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर धरले, तर नुसत्या जिंकलेल्या धावांत हा माणूस कल्याण-सीएसएमटी अशा जवळपास साडेचारशे खेपा करून बसला. हरलेल्या धावा वेगळ्या, आणि त्या कितीतरी जास्त. १९८९ या एका वर्षात त्याने ८१४ शर्यती जिंकल्या. रविवार, सणवार, आजारपण काही न वगळता रोज दोनपेक्षा जास्त. पुढे २००७ मध्ये टिम टेट्रिकने एका वर्षात १,१८९ जिंकल्या, म्हणजे रोज सव्वातीन. आपल्याकडे एखादा गाडीवान वर्षात दहा मैदानं मारतो तेव्हा गावात त्याचा फ्लेक्स लागतो.

वेगाचंही तसंच. १९०५ मध्ये डॅन पॅच नावाच्या घोड्याने मैल १ मिनिट सव्वापंचावन्न सेकंदांत काढला, तेव्हा अमेरिका वेडी झाली होती. जुलै २०२२ मध्ये न्यू जर्सीच्या मेडोलँड्सवर बुलडॉग हॅनोव्हरने तोच मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत मारला. सल्कीवर डेक्स्टर डन होता. हा वेग ताशी जवळपास ५५ किलोमीटर भरतो. घोडा न दमता तसाच पळत राहिला, तर कल्याणहून तासाभरात सीएसएमटी. आपल्या जलद लोकललाही थांबे घेत एवढा, किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. आणि घोड्याच्या मागे एकच माणूस बसलेला, लोकलच्या डब्यात किती, ते आपल्याला माहीत आहे.

इतकी चोख वही असूनही सर्वश्रेष्ठ हाकणारा कोण, हे तिथलं भांडण मिटलेलं नाही, ही मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वाटते. जुलै २०१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या डेव्ह पॅलोनने फिलिऑनचा आकडा ओलांडला. जर्मनीचा हाइन्झ वेवेरिंग १६ हजारांच्या पुढे होता, २०१४ मध्ये पॅलोनने त्यालाही मागे टाकलं. मग पॅलोन सर्वश्रेष्ठ? लगेच दुसरा गट उभा राहतो. पॅलोनच्या बहुतेक शर्यती द मेडोज या एकाच मैदानावरच्या, छोट्या बक्षिसांच्या. त्यांचा देव जॉन कॅम्पबेल. विजय दहा हजारांच्या थोडे वर, म्हणजे मोजणीत बराच मागे. पण हॅम्बलटोनियन ही त्यांची सर्वात मानाची शर्यत त्याने सहा वेळा जिंकली, आणि त्याने हाकलेल्या घोड्यांनी मिळवलेलं एकूण बक्षीस ३० कोटी डॉलरच्या घरात जातं. डॉलर ८५ रुपये धरला तर अडीच हजार कोटी रुपये. तिथे हाकणाऱ्याला बक्षिसाचे पाच टक्के मिळण्याची रीत आहे, म्हणजे त्याच्या वाट्याला सव्वाशे कोटींच्या आसपास. जास्त वेळा जिंकणारा मोठा की मोठ्या दिवशी जिंकणारा मोठा, हा वाद आपल्याकडेही जसाच्या तसा आहे: गावोगाव बिनजोड मारणारी जोडी थोर, की पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत हिंदकेसरी होणारी? फरक एवढाच की ते आकडे घेऊन भांडतात, आपण आवाज चढवून.

आपल्याकडे तर आधी ‘हाकणारा’ म्हणजे कोण हेच जिल्ह्यागणिक बदलतं. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या घाटात चार बैलांचा गाडा सुटतो, पुढे घोडीवर स्वार, आणि गाड्यावर कोणीच नाही. अकरा-बारा सेकंदांत बारी संपते. तिथे श्रेष्ठ गाडीवान कोण, हा प्रश्नच निकालात निघतो. विदर्भातल्या शंकरपटात जोडीमागे धुरकरी असतो, घड्याळाशी स्पर्धा असते. सातारा-सांगलीकडे छकडीवरच्या माणसाला सरळ ड्रायव्हर म्हणतात. एका गटात साधारण सात गाड्या, मग सेमी, मग फायनल. आणि कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, पनवेलच्या पट्ट्यात जीव की प्राण ती बिनजोड. दोनच गाड्या, समोरासमोरचं आव्हान, एक झेंडा, एक निकाल.

घाटातल्या बारा सेकंदांचा हिशोब करून पाहिला. १५ हजार बाऱ्या जिंकल्या तरी घाटात घालवलेला एकूण वेळ भरतो ५० तास. दोन दिवस दोन तासांत आयुष्यभराचा विक्रम. फिलिऑनचा मैल सरासरी दोन मिनिटांचा धरला तर त्याचे जिंकण्याचे तास होतात ५००. तेही एकवीस दिवस नाहीत. जगातल्या सर्वात यशस्वी हाकणाऱ्यांपैकी एकाचा सगळा पराक्रम तीन आठवड्यांत मावतो!

बिनजोडीचं गणित मात्र उलट्या दिशेने वेडं करतं. समजा ठाणे-रायगडच्या पट्ट्यात पळणारे ४०० बैल आहेत. आकडा मी सोयीसाठी धरलाय, तुम्ही हवा तो धरा. त्यांतून जोड्या किती जुळतात? ७९,८००. कुठला बैल डाव्या खांद्याला चालतो, कुठला उजव्या, हे अजून मोजलेलंच नाही. एक जोडी निवडल्यावर उरलेल्या ३९८ बैलांतून समोर उभी करायला ७९,००३ जोड्या राहतात. दोन्हींचा गुणाकार करायचा आणि अर्धा करायचा, कारण अ विरुद्ध ब आणि ब विरुद्ध अ ही एकच शर्यत. उत्तर येतं ३१५ कोटी २२ लाख. चारशे बैलांत इतक्या वेगवेगळ्या बिनजोड दडलेल्या आहेत.

एक शर्यत अर्ध्या मिनिटात उरकायची, मधे चहा नाही, पाणी नाही, रात्र नाही, पावसाळा नाही, असं चालवलं तरी त्या संपायला ३ हजार वर्षं लागतील. कल्याण बंदराचं नाव पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात येतं. ‘कोणती जोडी भारी’ याचा आज पक्का निकाल हवा असता, तर त्या वृत्तांताच्याही हजार वर्षं आधी पहिला झेंडा पडायला हवा होता.

यात अजून माणूस आलेलाच नाही. पन्नास हाकणारे धरा. प्रत्येक शर्यतीत एका जोडीवर पन्नासांतला कोणीही, दुसऱ्या जोडीवर उरलेल्या एकोणपन्नासांतला कोणीही. ३१५ कोटींना २,४५० ने गुणायचं. होतात सात लाख बहात्तर हजार कोटी शर्यती, अर्ध्या मिनिटाच्या हिशोबाने ७३ लाख वर्षं. बैल तेच आणि हात बदलला तर काय होतं हे खरोखर पाहायचं असेल, तर ही त्याची किंमत.

प्रत्यक्षात आपण काय करतो? ४०० बैलांच्या २०० जोड्या मैदानात येतात. सात-सात गाड्यांचे २९ गट, त्यांतल्या विजेत्यांचे पाच सेमी, एक फायनल. पस्तीस धावांत केसरी ठरतो आणि डीजे सुरू होतो. त्या केसरीचं यश खोटं आहे असं नाही, पण नशिबाचा वाटा किती ते पाहा. एखादा ड्रायव्हर इतका जबर आहे की सात गाड्यांतून तो दर वेळी ६० टक्के खात्रीने पहिला येतो. तीन टप्पे ओलांडण्याची त्याची शक्यता २१.६ टक्के. सगळ्यात चांगला असूनही पाचांतल्या चार मैदानांवरून तो गुलालाविना परत येणार, आणि पारावर ‘आता त्याच्यात दम राहिला नाही’ अशी चर्चा होणार.

आपल्याकडे वही नसण्याला एक कारण बंदीचंही आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागराजा खटल्यात निकाल दिला आणि जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडी शर्यतीही बंद झाल्या. त्याआधी २०११ पासूनच, बैलाचं नाव खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेल्यापासून, धरसोड सुरू होती. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. २०१४ च्या निकालापासून २०२१ च्या परवानगीपर्यंत बंदीचे दिवस मोजले तर २,७८० होतात. टेट्रिकच्या २००७ च्या वेगाने या दिवसांत नऊ हजार शर्यती जिंकता आल्या असत्या. आपल्याकडे या काळात ज्या झाल्या त्या पहाटे, चोरून, पोलीस येण्याच्या आत. अशा धावेचा निकाल कोण लिहून ठेवणार? लिहिलेला कागद म्हणजे पुरावाच. आणि बैलाचं आयुष्य बघा: दातांवरून मोजलेल्या वयाने आदत, दुसा, चौसा करत तो जुळतो आणि ऐन जोमाची काही वर्षं पळतो. २०१४ ला पळायला तयार झालेला खोंड २०२१ ला उतरणीला लागलेला होता. बैलांची एक अख्खी पिढी आणि विशीतल्या हाकणाऱ्यांची उमेद, दोन्हींचा हिशोब कोरा.

बंदी घालणाऱ्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, मारणं हे होत होतं, आणि धाव हजार मीटरच्या आत ठेवायची, काठी-चाबूक नको, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, हे नियम बंदीशिवाय आले नसते. खरं तर चाबूक गेल्यावरच हाताची परीक्षा सुरू झाली. जोडीतला एक बैल दुसऱ्यापेक्षा पाऊलभर वेगवान असतोच. त्याला न दुखावता कासऱ्यावर रोखायचं, मागच्याला हाळी देऊन उठवायचं, गाडी रेषेत ठेवायची, आणि हे सगळं विसेक सेकंदांत. चाबकाच्या जमान्यात यातलं किती कसब होतं आणि किती मार, हे सांगता येत नाही.

आता शर्यती मोबाईलवर थेट दिसतात. चित्रफितींच्या मथळ्यांत बैलांची नावं असतात, मालकांची असतात, गावाचं असतं. हाकणाऱ्याचं नाव क्वचित. वादही बैलांवरून आणि मालकांवरून होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथला शर्यतीच्या वैरातून गोळीबारापर्यंत मजल गेली. हाकणाऱ्यावरून कुणी इतकं पेटल्याचं मला तरी आठवत नाही, आणि त्यात त्याचं सुखच आहे म्हणा.

समजा आज कुणी वही उघडली. दोन हाकणारे घेतले: एक १०० बिनजोडींतल्या ६० मारणारा, दुसरा ५५ मारणारा. बैल सारख्याच ताकदीचे मिळाले असं धरू, जे कधीच होत नाही. हा पाचाचा फरक खरा आहे, नुसता योगायोग नाही, हे संख्याशास्त्राला पटेल इतक्या खात्रीने म्हणायचं, तर प्रत्येकाच्या सुमारे दीड हजार शर्यती नोंदवाव्या लागतील. दिवाळी ते पावसाळा या हंगामात एकाने चाळीस बिनजोड हाकल्या तर त्याला अडतीस वर्षं लागतात. आज विशीतला पोरगा तेव्हा अठ्ठावन्नचा असेल, आणि तेवढ्यात त्याच्या छकड्याला बैलांच्या पाच-सहा पिढ्या जुंपून झालेल्या असतील. वय आड येईल असं समजायचं कारण नाही. फिलिऑन बहात्तराव्या वर्षीही सल्कीवर बसला होता.