अर्भकाचा श्वास आणि सूर्याची वीज

अपुऱ्या दिवसांच्या अर्भकास हवेतून प्राणवायू काढून देणारे यंत्र वीज जाताच थांबते. जनित्र सुरू होईतो बाळाचे ओठ निळे पडू लागतात.

युगांडातील जिंजा येथील रुग्णालयात 2014 साली आजारी मुलांसाठी हे यंत्र सूर्यशक्तीवर चालविण्यात आले. कौतुक होते ते छपरावरील सौरपट्ट्यांचे. खरा भार मात्र बॅटऱ्यांवर. श्रोत्यांनी हिशेब करावा: 350 वॅटचे एक यंत्र सूर्यास्तापासून 14 तास चालवावयाचे, तर सुमारे पाच युनिटे वीज साठ्यात हवी. ढगाळ दिवसांची तरतूद निराळीच. बाळास ऊब देणारे उपकरण तर याहून खादाड! परंतु ज्याची प्रकृती स्थिर आहे, त्यास कोलंबियातील बोगोटा येथे 1978 साली सुरू झालेल्या पद्धतीप्रमाणे आईच्या उघड्या छातीशी ठेवले, तर उबेपुरती वीज वाचते आणि शेजारच्या बाळाच्या श्वासासाठी उरते.