चार्ल्सटनची वेगळी चूल

महिला टेनिसला बरोबरीचा पैसा कसा मिळत गेला, हे सांगताना बहुतेक लेखांत ग्रँड स्लॅम स्पर्धांची नावे येतात. अमेरिकन ओपनने 1973 मध्ये पुरुषांइतकीच बक्षिसे दिली, विम्बल्डन आणि फ्रेंच ओपनला पूर्ण बरोबरी साधायला 2007 उजाडले. हे खरे असले, तरी या साऱ्या स्पर्धा सामायिक आहेत. एकाच तिकिटावर पुरुषांचा आणि महिलांचा सामना पाहता येतो, एकाच करारात दोन्हींचे प्रक्षेपण विकले जाते. त्यामुळे महिलांच्या वाट्याला आलेली रक्कम त्यांची स्वतःची कमाई की पुरुषांच्या लोकप्रियतेतला हिस्सा, हा वाद दरवर्षी नव्याने उकरून काढता येतो. त्याचे उत्तर शोधायचे तर फक्त महिलांच्या स्पर्धेकडेच जायला हवे. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात हिरव्या मातीवर खेळली जाणारी चार्ल्सटनची स्पर्धा 1973 पासून जवळजवळ अखंड चालू आहे. महिलांचे टेनिस वेगळी चूल मांडूनही टिकते आणि वाढते, याचा तिच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच सापडेल.

तिचा जन्म बंडातून झाला. 1970 मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्याला 12,500 डॉलर आणि महिला विजेतीला 1,500 डॉलर अशी बक्षिसे ठरली, तेव्हा नऊ जणींनी तिकडे पाठ फिरवली. ‘वर्ल्ड टेनिस’ मासिकाच्या संपादक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एक डॉलरचा करार करून त्या ह्यूस्टनला वेगळ्या स्पर्धेत उतरल्या. त्यानंतर तीनच वर्षांनी हिल्टन हेड बेटावरच्या सी पाइन्स वसाहतीत ही स्पर्धा फॅमिली सर्कल कप या नावाने सुरू झाली. एकूण बक्षिसे एक लाख डॉलरची होती. तेव्हाच्या महिला टेनिससाठी ही मोठी रक्कम होती. विजेतीला 30,000 डॉलर मिळणार होते. अंतिम सामन्यात समोरासमोर आल्या रोझी कॅसल्स आणि नॅन्सी रिची, दोघीही त्या नऊ जणींपैकी. पहिला सेट गमावूनही कॅसल्सने सामना फिरवला आणि तिसरा सेट 7-5 असा जिंकला. महिला टेनिस संघटना त्याच वर्षी जूनमध्ये स्थापन झाली, अमेरिकन ओपनची समान बक्षिसे आणि बिली जीन किंग व बॉबी रिग्ज यांचा गाजलेला सामनाही त्यानंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. महिलांच्या खेळावर मोठा पैसा लावण्याचे धाडस सामायिक स्पर्धांच्या आधी एका फक्त महिलांच्या स्पर्धेने केले.

पैसा लावणारे कोण होते, हेही पाहायला हवे. फॅमिली सर्कल हे गृहिणींचे, किराणा दुकानांतून खपणारे मासिक होते. घर चालवणारी बाई टेनिसचीही प्रेक्षक आहे, हे गृहीत धरून त्याने आपले नाव स्पर्धेला दिले. मधली दोन वर्षे, म्हणजे 1975 आणि 1976, फ्लोरिडातल्या अमेलिया बेटावर काढून स्पर्धा परत हिल्टन हेडला आली, आणि 2001 मध्ये चार्ल्सटनच्या डॅनियल आयलंडवर स्थिरावली. तिथे दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्टाला अल्थिया गिब्सन यांचे नाव आहे. ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्या या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा जन्म याच राज्यातला.

या स्पर्धेची माती पॅरिसपेक्षा वेगळी आहे. फ्रेंच ओपनची तांबडी माती म्हणजे कुटलेल्या विटांचा बारीक थर. इथली हिरवी माती व्हर्जिनियातला बेसॉल्टसारखा खडक दळून बनवतात. तिचे कण कठीण असतात. टप्पा पडल्यावर चेंडू थोडा कमी उसळतो आणि थोडा लवकर येतो, पण पाय घसरवत फटक्यापर्यंत पोहोचण्याची सोय तीच. म्हणून इथे नुसते बेसलाइनमागे उभे राहून चेंडू परतवणे पुरत नाही, सर्व्हिस आणि पुढाकारालाही फळ मिळते. विजेत्यांची यादी याची साक्ष देते. मातीची राणी ख्रिस एव्हर्टने इथे आठ वेळा विजेतेपद मिळवले, पण नेटकडे झेपावणाऱ्या मार्टिना नवरातिलोव्हानेही चार वेळा. 1986 मध्ये सोळा वर्षांच्या स्टेफी ग्राफने अंतिम सामन्यात एव्हर्टलाच 6-4, 7-5 असे हरवले. ग्राफचे हे व्यावसायिक कारकिर्दीतले पहिलेच विजेतेपद.

यावर पहिला आक्षेप असा की अशी माती युरोपात नाही, तेव्हा पॅरिसच्या तयारीला ही स्पर्धा निरुपयोगी आहे. नोंदी तसे म्हणत नाहीत. एव्हर्टने 1974, 1975 आणि 1985 मध्ये, नवरातिलोव्हाने 1982 मध्ये, ग्राफने 1987 आणि 1993 मध्ये, जेनिफर कॅप्रियातीने 2001 मध्ये, जस्टिन एनॅंने 2003 आणि 2005 मध्ये, तर सेरेना विल्यम्सने 2013 मध्ये ही स्पर्धा आणि फ्रेंच ओपन एकाच वर्षी जिंकली. 2013 नंतर हे कोणाला जमलेले नाही, हे मान्य. 2012 मध्ये चार्ल्सटनच्या अंतिम सामन्यात 6-0, 6-1 अशी धूळ चारणारी सेरेना पॅरिसला पहिल्याच फेरीत गारद झाली, हेही खरे. पण याचा अर्थ एवढाच की चार्ल्सटन म्हणजे पॅरिसची रंगीत तालीम नव्हे. स्पर्धेची किंमत दुसऱ्या स्पर्धेच्या निकालावरून ठरवायचीच कशाला? पुरुषांच्या बाबतीत असा हिशेब आपण क्वचितच मांडतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1990 पासून 2008 पर्यंत या स्पर्धेची गणना महिलांच्या सर्वोच्च श्रेणीत होत होती. 2009 च्या फेररचनेत ती श्रेणी गेली. त्याच वर्षी माद्रिदची मोठी सामायिक स्पर्धा महिलांच्या वेळापत्रकात आली. बर्लिनमधली मातीवरची जुनी महिला स्पर्धा तर 2008 नंतर बंदच पडली. मग बाजाराने सामायिक स्पर्धांच्या बाजूने कौल दिला, असे का म्हणू नये? मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. श्रेणी ठरवणे हा संघटनांचा आणि प्रक्षेपण करारांचा निर्णय असतो, तो प्रेक्षकांचा कौल नसतो. श्रेणी उतरल्यावरही चार्ल्सटनला सेरेना आली, सामंथा स्टोसर, अँजेलिक कर्बर, ऑन्स जाबेर आल्या, जिंकल्या. मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाने 2015 मध्ये मार्टिना हिंगिसबरोबर इथेच दुहेरी जिंकली आणि जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान मिळवले. दुहेरीत अव्वल ठरणारी ती पहिली भारतीय महिला. सामायिक स्पर्धेत दुहेरीचा असा सामना पुरुषांच्या गर्दीत हरवला असता. इथे तो मुख्य कार्यक्रमाचा भाग होता.

तिसरा आक्षेप पैशाचा. स्पर्धेची मालकी 2018 पासून बेन नवारो या धनाढ्य उद्योजकाकडे आहे, त्यांची मुलगी एमा स्वतः व्यावसायिक खेळाडू आहे, तेव्हा हा बाजार नसून आश्रयच, असे कोणी म्हणेल. धनिकांच्या हौसेवर स्पर्धा अवलंबून असणे धोक्याचे आहे, यात शंका नाही. मात्र पुरुषांच्या टेनिसमध्येही प्रायोजक, बँका आणि धनिक मालक आहेतच, त्याला कोणी आश्रय म्हणत नाही. शिवाय इथला पैसा शोभेवर न जाता खेळावर गेला. 2022 मध्ये नूतनीकरण झालेले मुख्य स्टेडियम खुले झाले. 2025 मध्ये, जेसिका पेगुला जिंकली त्या वर्षी, आयोजकांनी जाहीर केले की 2026 पासून या स्पर्धेची बक्षिसे पुरुषांच्या त्याच श्रेणीच्या स्पर्धांइतकी असतील. शेजारी पुरुषांचा सामना नसताना, एकट्या महिलांच्या 500 श्रेणीच्या स्पर्धेने असे ठरवण्याची ही पहिलीच वेळ.

समान बक्षिसांवरची लढाई महिलांनी जिंकली ती बहुतांशी पुरुषांबरोबरच्या मंचावर, म्हणून ती अजून अर्धीच आहे. सामायिक स्पर्धांचे मोठेपण नाकारायचे कारण नाही. तिथला प्रेक्षक आणि पैसा दोन्ही महिलांना हवेच आहेत. पण तेवढ्यावर थांबलो, तर पुरुषांशिवाय महिलांचे काय, हा प्रश्न उत्तराविना राहतो. चार्ल्सटनने 1973 मध्ये एक लाख डॉलर ठेवून त्याचे उत्तर दिले, श्रेणी गमावूनही तग धरून दिले आणि आता समान रकमेची घोषणा करून पुन्हा दिले. यापुढे महिला टेनिस संघटनेने वेळापत्रक आखताना अशा स्वतंत्र स्पर्धांना सामायिक स्पर्धांमधली उरलेली जागा भरायची सोय समजू नये. त्यांना चांगले आठवडे, मोठे प्रक्षेपण आणि वरची श्रेणी मिळाली पाहिजे, कारण महिलांच्या खेळाची खरी पत इथेच मोजली जाते.