पिशवीपासून बाटलीपर्यंत

पहाटे 5. सालमियातून कंपनीची बस निघते. कुवेतच्या उन्हाळ्यात या वेळीही अंगाला झळ लागते. सभानच्या औद्योगिक वसाहतीत उतरलो की आधी बाहेर धूळ किती आहे ते बघतो. धुळीचं वादळ असलं, की गोदामाच्या शटरची उघडझाप कमी करायची.

6.30. गोदाम. औषधाची पूड ड्रममध्ये येते, आत पॉलिथिनच्या दोन पिशव्या. दोन्हींची मान वेगवेगळी पिळून, दुमडून बांधलेली हवी. सिलिका जेलची पुडी दोन पिशव्यांच्या मधल्या जागेत; ती औषधाला लागता कामा नये. एक गाठ जरी सैल दिसली तरी ड्रम बाजूला काढून तपासणीला. इथे मी कुणाचीही घाई ऐकत नाही.

7.30. एअरलॉक. क्लीनरूमच्या पिशव्या थरांत येतात. बाहेरचा थर अल्कोहोलने पुसून इथेच उतरवायचा. या पिशव्या एलडीपीईच्या, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनच्या. रेणूंच्या साखळ्यांना फांद्या असल्याने त्या दाटीने बसत नाहीत, म्हणून पिशवी मऊ राहते. पण 110 अंशांच्या आसपास ती वितळते. 121 अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये घालायची सोय नाही, म्हणून निर्जंतुकीकरण बहुधा गॅमा किरणांनी होतं. बाजारातली पिशवी चटकन उघडते, कारण तिच्यात इरुकामाइडसारखी निसरडेपणा आणणारी द्रव्यं मिसळलेली असतात. ती पृष्ठभागावर येतात आणि औषधाला लागू शकतात. आमच्या पिशव्या त्यांच्याविना बनतात. उघडताना बोटांना त्रास होतो, तो सोसायचा.

9. भरणी. बाटल्या एचडीपीईच्या, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या: सरळ साखळ्या, दाट बांधणी, बाष्पाला चांगला अडसर. झाकणातली ॲल्युमिनियमची चकती इंडक्शन यंत्राखाली तापते, तिच्याखालचा प्लॅस्टिकचा थर वितळून बाटलीच्या तोंडाला चिकटतो. ऑक्सिजन मात्र पॉलिथिनमधून बऱ्यापैकी आत जातो; ऑक्सिजनने बिघडणारी गोळी ॲल्युमिनियमच्या पाकिटातच बरी.

11. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, या वेळेपासून 4 वाजेपर्यंत उघड्यावर काम करायला सरकारी बंदी. कुवेतमधल्या मितरिबाला 2016 मध्ये पारा 53.9 अंशांवर गेला होता. त्या उष्णतेत बाटलीला काही होत नाही, ती 130च्या आसपास वितळते. पण तापमान वाढलं की प्लॅस्टिकमधून बाष्पही जास्त जातं, आणि आतल्या गोळीचं काय होतं ते बाहेरून कळत नाही.

2. गळती तपासणी. बाटल्या निळ्या पाण्यात बुडवून निर्वात करायच्या. आत निळा ठिपका दिसला की बॅच थांबते.

4. बस. गावाहून अनेक महिन्यांची औषधं आणणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच: गोळ्या मूळ बाटलीतून काढून साध्या पिशवीत भरू नका, सिलिका जेलची पुडी फेकू नका आणि बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.