एका फितीतील अनेक आवाज

पेडणे महालातील जत्रेत मध्यरात्रीनंतर दशावतारी नाटक रंगू लागते, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले असते. संवाद मात्र ज्याच्या त्याच्या वाणीतून त्या त्या क्षणी निर्माण होतात. अशा प्रयोगाचे ध्वनिमुद्रण कोणी करून ठेवले असेल, तर ती फीत हीच त्या प्रयोगाची एकमेव पोथी होय. डिचोलीकडील गावांत चवथीला घुमटांच्या साथीने ज्या मराठी आरत्या म्हटल्या जातात, त्यांतील कित्येक पाठांतरानेच टिकल्या आहेत. त्यांचीही गोष्ट फारशी निराळी नाही.

परंतु ही पोथी वाचणे सोपे नसते. एकाच ध्वनिग्राहकापुढे नट, पायपेटी, पखवाज आणि झांज; किंवा गाणारे, घुमट, शामेळ आणि कांसाळे. सर्व ध्वनी हवेतच एकमेकांत मिसळतात आणि फितीवर त्यांची केवळ बेरीज उतरते. या बेरजेतून मूळच्या संख्या परत मिळविता येतील काय, हा या शास्त्रापुढील प्रश्न आहे.

आपला कान हे काम सहज करतो. गजबजलेल्या मांडवात शेजाऱ्याचे बोलणे आपण नेमके वेचून ऐकतो. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली या शक्तीचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला. दोन कानांमुळे ध्वनीची दिशा कळते, हे तिचे एक कारण. भाषेच्या परिचयामुळे पुढच्या शब्दाची अटकळ बांधता येते, हे दुसरे. एका ध्वनिग्राहकाच्या फितीत दिशा नाहीशी झालेली असते. उरते ती अटकळ.

यंत्र प्रथम त्या ध्वनीचे एक चित्र तयार करते. आडव्या अंगाला काळ, उभ्या अंगाला कंपनसंख्या आणि प्रत्येक ठिकाणी ध्वनीचा जोर. घुमटाचा घुमार या चित्रात खाली दिसतो. कांसाळ्यांचा झणत्कार वरच्या भागात दूरवर पसरतो. आणि नेमके तेथेच, सेकंदाला चार हजारांहून अधिक कंपनांच्या प्रदेशात, ‘स’कारासारखे वर्ण ओळखू येतात. म्हणून आरतीतील स्वर ऐकू येतात, पण शब्द बुडतात. पायपेटीची अडचण याहून सूक्ष्म आहे. गाणारा तिच्याच सुरात मिसळून गातो, तेव्हा दोघांची कंपने एकाच जागी येतात. दोन संख्यांची बेरीज दहा आहे, एवढेच कळल्यावर त्या संख्या कोणत्या, हे गणिताने सांगता येत नाही.

येथे अलीकडच्या यंत्रांनी शिक्षणाचा मार्ग धरला. सुटे सुटे मुद्रित केलेले आवाज आणि त्यांचे मिश्रण ही दोन्ही यंत्राला दाखवावयाची, आणि चित्रातील प्रत्येक ठिपक्यात कोणाचा वाटा किती, हे त्याला शिकवावयाचे. २०१९ साली ‘स्प्लीटर’ व ‘डेमक्स’ ही साधने सर्वांना खुली झाली. अशाच पद्धतीने जॉन लेनन यांच्या घरगुती कॅसेटवरील आवाज पियानोपासून वेगळा काढण्यात आला आणि बीटल्सचे गीत नोव्हेंबर २०२३मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्र यंत्राला जे दाखविले तेच ते ओळखते. या क्षेत्रात सर्रास वापरला जाणारा एक संग्रह १५० गीतांचा आहे, आणि त्याचे विभाग चारच: गायन, ढोलताशांसारखी वाद्ये, खर्जातील साथ आणि ‘इतर’. यांत घुमटाला स्वतःचे घर नाही. शिवाय जुन्या फितीतील घुमट घोरपडीच्या कातड्याचा असावयाचा. ते कायद्याने निषिद्ध झाल्यामुळे आज बकऱ्याचे कातडे मढवितात. तेव्हा दोहोंचे नमुने यंत्राला द्यावयास हवेत.

साहित्याच्या अभ्यासकाने सावध व्हावे ते याच ठिकाणी. झाकलेला वर्ण यंत्र ‘शोधून’ काढते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते तेथे काय असावे याचा अंदाज करते. वाळवीने खाल्लेल्या पोथीतील अक्षर लेखकूने आपल्या मताने भरावे, तसाच हा प्रकार आहे. अंदाज पुष्कळदा बरोबर असतो. पण तो चुकतो तेव्हाही स्वच्छ आणि सुरेल ऐकू येतो, आणि चुकीचा शब्द पाठ म्हणून रूढ होण्याचा धोका त्यातच आहे. हस्तलिखितांच्या संपादकाने पाळलेली शिस्त येथेही पाळली पाहिजे. मूळ फीत जशीच्या तशी जपावी. वेगळा काढलेला आवाज तिच्याशेजारी ठेवावा, तिच्या जागी नव्हे. संशयित शब्द कंसात द्यावा. आणि ती आरती लहानपणापासून म्हणत आलेल्या माणसाला दोन्ही ऐकवून मगच पाठ ठरवावा.

पुढील मुद्रणांसाठी उपाय याहून सोपा आहे. गाणाऱ्यापुढे एक ध्वनिग्राहक, वाद्यांपुढे दुसरा, आणि कांसाळे थोडे दूर. जे मुळातच बऱ्याच अंशी वेगळे टिपले, त्याची फोड करताना अंदाजावर फारसे विसंबावे लागत नाही. जुन्या फितींच्या बाबतीत मात्र घाई करावयास हवी. कारण यंत्राने काढलेला शब्द खरा की खोटा, हे सांगणारी माणसे गावागावांतून कमी होत चालली आहेत.