मोटारीतील हेड युनिटची निवड : नाद की दृश्य?

मोटारीत बसवावयाच्या हेड युनिटची निवड हा वरकरणी बाजारातला प्रश्न वाटतो. वाग्ध्वनींच्या अभ्यासकापुढे मात्र तो श्रवणाचा प्रश्न म्हणूनच उभा राहतो. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील जानेफळ हे गाव मेहकर–खामगाव मार्गावर असून वऱ्हाडी बोलीच्या क्षेत्रात मोडते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना याच वाटेने जाते. अशा गावी ध्वनिमुद्रणे करून निघालेला अभ्यासक ती पुन्हा प्रथम ऐकतो ती पुष्कळदा परतीच्या वाटेवर, मोटारीतच. आणि कित्येकदा मोटार चालविणाराही तोच असतो. हाती पैसे मोजके असतील, तर आवाज चांगला असलेले यंत्र घ्यावे की मोठ्या पडद्याचे, याचा निर्णय त्याला करावा लागतो.

प्रथम ऐकावयाचे काय, हे निश्चित केले पाहिजे. मराठीत ‘चार’ हा शब्द लेखनात एक, पण उच्चारात दोन आहे. संख्यावाचक ‘चार’ मधील च तालव्य. ‘गुरांना चारा चार’ या आज्ञेतील क्रियापदाचा च दंत्य. तालव्य च मधील घर्षणाची ऊर्जा साधारणपणे २५०० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान अधिक एकवटते, तर दंत्य च ची ४००० हर्ट्झच्या वर. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच असल्याने त्यात हा भेद क्षीण होतो. वऱ्हाडीतील ‘डोळा’ व ‘डोया’ यांसारख्या पर्यायांची गोष्ट निराळी. ळ आणि य यांचा भेद मुख्यतः मधल्या पट्ट्यातील अनुनादांच्या हालचालींवर अवलंबून असतो. तात्पर्य, यंत्राचा मधला पट्टा स्वच्छ आणि वरचा पट्टा अखंड असणे ही बोलीच्या श्रवणाची किमान अट होय.

धावत्या मोटारीत या अटीला विरोध करणारी गोष्ट म्हणजे गोंगाट. इंजिन, चाके व वारा यांच्या गोंगाटाची बरीचशी ऊर्जा खालच्या पट्ट्यात असते आणि मोठा खर्जातला ध्वनी आपल्याहून उंच ध्वनींना झाकून टाकतो, हे श्रवणशास्त्रात सुप्रतिष्ठित आहे. म्हणून ‘आवाज भरदार’ करण्यासाठी खर्ज वाढविणे हा उपाय नव्हे. गीताला तो रुचला तरी वाणीला तो घातकच ठरतो.

आता यंत्राच्या अंगांकडे वळू. वेष्टनावर छापलेली ‘५० वॅट गुणिले चार’ ही संख्या क्षणिक कमाल शक्तीची असते. मोटार चालू असता विद्युत्‌दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. तोच लहरीचा उच्चतम बिंदू धरला, तर परिणामी दाब सुमारे १०.२ व्होल्ट होतो. त्याचा वर्ग १०४, आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी त्यास ४ ने भागता २६ वॅट येतात. प्रत्यक्षातील घट वजा जाता अंगभूत अ‍ॅम्प्लिफायरची स्वच्छ शक्ती प्रत्येक स्पीकरमागे विसाच्या आसपास राहते. ही मर्यादा पडद्याच्या आणि बिनपडद्याच्या अशा दोन्ही यंत्रांना सारखीच लागू आहे. पडदा मोठा झाल्याने ती वाढत नाही. अधिक शक्ती हवी असल्यास अ‍ॅम्प्लिफायर स्वतंत्र घ्यावा लागतो.

दुसरे अंग पट्टानियंत्रणाचे. केवळ खर्ज व तार यांच्या दोन चाव्यांऐवजी अनेक पट्ट्यांचा इक्वलायझर असल्यास खर्ज उतरवून मधला भाग मोकळा करता येतो. तिसरे अंग काळाच्या जुळणीचे. चालकाच्या कानापासून उजवा स्पीकर ०.९ मीटर आणि डावा १.५ मीटर दूर असेल, तर ०.६ मीटरच्या फरकामुळे डावा ध्वनी सुमारे पावणेदोन मिलिसेकंद मागाहून पोहोचतो. जवळच्या स्पीकरला तेवढाच विलंब देण्याची सोय यंत्रात असेल, तर आवाज समोरून आल्यासारखा वाटतो. चौथे अंग ध्वनी आत येण्याच्या वाटेचे. ब्लूटूथने येणारा ध्वनी संक्षिप्त होऊन येतो. संगीतवादनाच्या पद्धतीत ही हानी सहसा थोडी असते, परंतु संभाषणाच्या पद्धतीत पट्टा बराच अरुंद होतो. मूळ फाइल यूएसबीतून वाजविणे म्हणूनच श्रेयस्कर.

येथे दृश्याच्या बाजूचा युक्तिवाद न्यायाने मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. संबी आणि पोलॅक यांनी १९५४ साली दाखवून दिले की, गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर शब्द अधिक ओळखू येतात, आणि गोंगाट जितका जास्त तितका दृश्याचा वाटा मोठा. १९७६ साली मॅगर्क व मॅकडोनल्ड यांनी तर ओठांचे दृश्य ऐकलेल्या व्यंजनाची जाणीवही पालटते हे सिद्ध केले. मग गोंगाटाने भरलेल्या मोटारीत पडदाच अधिक उपकारक, असे कोणी म्हणेल.

परंतु हा लाभ पाहणाऱ्याला होतो, आणि चालकाने पाहावयाचा असतो रस्ता. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत मोटार सुमारे ३३ मीटर पुढे जाते. तेवढे अंतर नजर पडद्यावर ठेवून कापणे म्हणजे आपला व इतरांचा जीव धोक्यात घालणे होय. वाहनचालनाच्या २०१७ च्या केंद्रीय विनियमांनीही वाहन चालविताना चलच्चित्रे पाहण्यास चालकाला मनाई केली असून मार्गदर्शनासाठी आवश्यक दृश्यापुरता अपवाद ठेवला आहे. शिवाय मुद्रण केवळ ध्वनीचे असेल, तर पडद्यावर ओठ दिसणार कोठून? मागे पाहण्याच्या कॅमेऱ्यासाठी व नकाशासाठी पडद्याचा उपयोग खरा आहे. परंतु तो वाहन हाकण्याचा उपयोग होय, ऐकण्याचा नव्हे. मागच्या आसनावरील मंडळींसाठी दृश्य हवे असेल, तर त्यांच्यापुरता वेगळा पडदा अधिक सयुक्तिक.

निवडीची कसोटी अभ्यासकाला परकी नाही. एकाच वक्त्याच्या तोंडून दोन्ही ‘चार’ वीस-वीस वेळा मुद्रित करून ते अनियमित क्रमाने लावावेत. इंजिन सुरू ठेवून, शक्य तर मोटार चालती ठेवून, चालकाशेजारी बसलेल्या श्रोत्याने प्रत्येक वेळी कोणता शब्द ऐकला ते लिहावे. ‘डोळा’ आणि ‘डोया’ यांचीही तशीच परीक्षा घ्यावी. ज्या यंत्रावर चुका कमी, ते यंत्र घ्यावे. या परीक्षेत पडद्याचे यंत्र सरस ठरले, तर तेही घेण्यास हरकत नाही. आक्षेप पडद्याला नसून पडद्याच्या किमतीपायी ध्वनीशी होणाऱ्या तडजोडीला आहे.

एक मर्यादा अखेरीस सांगितली पाहिजे. मुद्रणातच जे उतरले नाही, ते कोणतेही हेड युनिट परत आणू शकत नाही. आणि यंत्र कितीही चांगले असले तरी मोटारीतील श्रवण हे पहिल्या ओळखीपुरतेच असावे. जानेफळच्या एखाद्या वृद्ध निवेदकाच्या शब्दात ळ होता की य, याची नोंद शांत खोलीत, कानाला हेडफोन लावूनच कायम करावी; कारण एकदा चुकीचे उतरलेले चिन्ह पुढच्या अभ्यासात बोलीचे वैशिष्ट्य म्हणून मिरवू लागते.