यंत्र वाचते, पण काय वाचते?

ईदनंतर आम्ही किकवीला नातलगांकडे गेलो होतो. पुणे-सातारा महामार्गावरचे, भोर तालुक्यातले हे गाव. आठवीतली पुतणी फोनला विचारत होती, "भोर म्हणजे काय?" उत्तर आले : पहाट. हिंदीत ते बरोबरच आहे! तिची दादी मात्र चिडली. "बेटा, त्याला सांग, भोर आपला तालुका आहे. कचेरीचं काम निघालं की तिथंच जावं लागतं."

वाचकहो, असा घोटाळा मोठमोठ्या विद्वानांच्या यंत्रानेही केला आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात प्रा. टॉम मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये 'नेल' नावाची संगणकप्रणाली सुरू केली. तिने रात्रंदिवस इंटरनेटवरची पाने वाचायची आणि त्यांतून जगाची माहिती शिकायची. शहर, खेळाडू, वनस्पती अशा प्रत्येक प्रकाराची दहा-पंधरा उदाहरणे तिला आधी दिलेली होती. समजा, पुणे हे शहर आहे एवढे तिला ठाऊक आहे. 'पुण्याचे महापौर' असे वाचले की ती ती शब्दरचना हेरते, आणि पुढे ज्याचे महापौर आढळतील ते शहर असावे असे धरून चालते. तेच पुन्हा पुन्हा दिसले की तिची खात्री वाढते. ऑक्टोबरपर्यंत तिने सुमारे ३ लाख ९० हजार गोष्टी जमवल्या होत्या. त्यांतल्या अंदाजे ८७ टक्के बरोबर होत्या.

चुकल्या त्यांची गंमत ऐका. 'कुकी' म्हणजे बिस्किट, आणि संकेतस्थळे आपल्या संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदींनाही कुकीच म्हणतात. नेलने या नोंदी बेकरीत नेऊन ठेवल्या. लोक कुकी पुसतात तशा फाइलीही पुसतात, म्हणून मग फाइलीही बेकरीत गेल्या! पहिले सहा महिने तिला कोणी टोकले नव्हते. जूनपासून संशोधक दर पंधरवड्याला एकेका प्रकारावर पाचेक मिनिटे नजर टाकून ठळक चुका दुरुस्त करू लागले. हदीस पारखणारे मुहद्दिस किती जणांनी सांगितले एवढ्यावर थांबत नसत, कोणी कोणाकडून ऐकले हेही तपासत. यंत्राला ही सवय अजून नीट लागलेली नाही.

आता मराठीकडे या. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने २०२२ मध्ये संगणकाला शिकवण्यासाठी २ कोटी ४८ लाख मराठी वाक्ये एकत्र केली. काम मोलाचे आहे, पण त्यातला मोठा भाग बातम्यांचा. बातमीत आपली घरे कोणत्या निमित्ताने येतात, ते सांगायला नको. दस्तरखान, खाला, शेजारच्या घरी जाणारा शीरखुर्म्याचा डबा, शेतीच्या कामात एकमेकांना दिलेला हात, हे बातमीत येत नाही. यंत्र आपल्याला ओळखणार ते असल्याच वाचनातून.

पुतणीने वही काढली आणि गावाची माहिती मराठीत लिहायला घेतली, इंटरनेटवर टाकायची म्हणून. पहिल्याच ओळीवर दादीने अडवले. "आधी तालुका लिही."